तळ्यातले देवभात आणि बांधापलीकडचे भात

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. तळ्याच्या कडेला कोणीही न पेरता उगवणारे देवभात हे आपल्या शेतातल्या भाताचे पूर्वज आहे, की शेतातूनच निसटून पाण्यात गेलेले त्याचे वंशज? प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे. मला तो पडला मात्र निव्वळ शास्त्रापोटी नव्हे. त्याचे उत्तर दुसऱ्या एका व्यक्तीला माझ्याआधी मिळू नये, अशी माझी तीव्र इच्छा होती. हे सुरुवातीलाच सांगितले, म्हणजे पुढचा मजकूर वाचताना माझे निरीक्षण कोठे संपते आणि माझा मत्सर कोठे सुरू होतो, हे वाचकाला वेगळे करता येईल.

प्रथम देवभात म्हणजे काय ते सांगते. ऋषिपंचमीला व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे अन्न खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतले धान्य त्या दिवशी चालत नाही. परसातल्या भाज्या चालतात, आणि भाताच्या जागी देवभात चालते, कारण ते देवाने पेरलेले. दिसायला ते भातासारखेच असते. लोंबीवर लांब तांबूस कुसळे असतात आणि दाणा आतून लालसर निघतो. मुख्य फरक एकच. शेतातले भात पिकल्यावर दाणे धरून ठेवते आणि कापणाऱ्याची वाट पाहते. देवभात पिकले की दाणे सोडून देते. ते पाण्यात पडतात, चिखलात रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात उगवतात.

आम्ही मुलुंडला राहत होतो. माझ्या सासूबाई कोकणातल्या, सासरे गिरणीतून निवृत्त झालेले. सासूबाई दर वर्षी भाद्रपदात बाजारातून मूठभर देवभात आणत, तिखटमीठ न घालता शिजवत आणि मलाही एक घास देत. तो घास मी वर्षानुवर्षे खाल्ला होता. त्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मी घाटकोपरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. माझ्याबरोबर अंधेरीहून येणारी आणखी एक डेमॉन्स्ट्रेटर होती, माझ्याच वयाची. आमच्या विभागप्रमुख बाई पीएच.डी.च्या मार्गदर्शक होत्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्याकडे विद्यार्थ्याची एकच जागा रिकामी झाली. ती जागा मिळाली तर संशोधक म्हणून आयुष्य सुरू होणार होते. नाही मिळाली तर बेडूक कापण्याच्या टेबलाशेजारी उभे राहून विद्यार्थ्यांना जास्वंदीचे छेद घेऊन दाखवणे, हेच पुढे चालू राहणार होते. जागा एक आणि आम्ही दोघी.

माझ्या सहकारिणीविषयी न्यायाने लिहायचे, तर ती हुशार होती, मोकळी होती आणि माझ्याशी कधीही वाईट वागली नाही. मत्सराला ही परिस्थिती फार गैरसोयीची असते. ती वाईट असती तर मला तिचा राग करता आला असता. राग करता येत नव्हता म्हणून मत्सरच करावा लागला, आणि पद्धतशीर स्वभावामुळे मी तो नेमक्या एका वस्तूवर ठेवला. मला तिच्या उजव्या अंगठ्याचा मत्सर वाटत असे.

याचे कारण असे. पेशीतली गुणसूत्रे मोजायची तर कोवळ्या मुळाचे टोक सकाळी कापतात, रंगात ठेवतात, मग काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच ठेवतात आणि अंगठ्याने दाबतात. दाब कमी पडला तर गुणसूत्रे एकमेकांवर चढून बसतात. जास्त पडला तर पेशी फुटते आणि हाती काहीच राहत नाही. भाताची गुणसूत्रे तर मोहरीच्या फोलपटासारखी बारीक. मी दाबाचा विचार करून दाबत असे. ती विद्यार्थ्यांशी गप्पा मारता मारता दाबत असे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिची गुणसूत्रे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सुटी सुटी पसरलेली दिसत.

"ये गं, बघ ना, झकास आलंय!" असे ती मला हाक मारून दाखवत असे. मी डोळा लावून पाही आणि म्हणे, "चांगलं आहे." चांगले असे, हीच अडचण होती.

बाईंनी एकदा आम्हा दोघींना समोर बसवले आणि गवतांच्या कुळाविषयी अर्धा तास बोलल्या. गुणसूत्रांचा संपूर्ण संच म्हणजे घरातले सगळे सामान, असे त्या सांगत. ज्वारी, ऊस, मका ही एका कुळातली चुलत भावंडे. कोणी सामान दुप्पट केले, कोणी इकडचे तिकडे हलवले. गव्हाने तर कमालच केली. तीन वेगवेगळ्या गवतांचे संसार एका पेशीत आले, प्रत्येकाची चौदा गुणसूत्रे, आणि बेचाळीस गुणसूत्रांचे ते एकत्र कुटुंब आजवर मोडले नाही.

"आता भाताकडे या," बाई म्हणाल्या. "शेतातल्या भाताची गुणसूत्रे चोवीस. आपल्या तळ्यांतल्या देवभाताचं काय? ते भाताचं कोण लागतं? नाताळच्या सुट्टीआधी दोघींनी आपापलं काम माझ्यापुढे ठेवायचं. मग मी जागेचं ठरवीन."

"बाई, दोघींना एकच विषय?" सहकारिणीने विचारले.

"एकच. स्वयंपाक कळायचा तर दोघींनी वरणच करायला हवं."

श्रावण चालू होता. ऋषिपंचमी आली तशी सहकारिणी बाजारात गेली, देवभात विकणाऱ्या बाईकडून तूस न काढलेले मूठभर बी मागून घेतले आणि ओल्या टिपकागदावर ठेवले. ते काही दिवसांत उगवले. पांढरी, कोवळी, सरळ मुळे. तिचे काम सुरू झाले.

मला ही पद्धत उथळ वाटली. बाजारातले बी कोणत्या तळ्यातले, कोणी गोळा केले, याचा पत्ता नाही. शास्त्रीय काम करायचे तर नमुना स्वतः, ज्ञात ठिकाणाहून घ्यावा. हा विचार बरोबरच होता; आजही मी विद्यार्थ्यांना हेच सांगते. मात्र त्या विचाराच्या मागे उभे राहून तिच्या पद्धतीकडे नाक मुरडताना मला जे समाधान होत होते, ते शास्त्रीय नव्हते.

मी आश्विनापर्यंत थांबले. बोरिवलीच्या खाडीवरून होडीने गोराईला गेले. तिथल्या एका कुटुंबाचे तळे होते. घर मासळीचे, शेती जोडीला. तळ्याच्या कडेला देवभात दाट माजले होते आणि मधला बांध ओलांडला की लगेच त्यांचे भाताचे खाचर. घरातली बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. देवभाताची चारपाच ताटे एकत्र घेऊन ती त्यांच्या लोंब्या कच्च्या असतानाच एकमेकींना बांधत होती, म्हणजे पिकल्यावर दाणे पाण्यात न पडता जुडीतच अडकतात.

"काय गो बाय, कॉलेजात भात मिळत नाय काय तुम्हाला?" तिने विचारले.

मी कारण सांगितले.

"बापूस कोण आणि लेक कोण ते बघायला आलीस? मग लग्नाचं बघतात तसं गोत्र विचार की त्यांना!" असे म्हणून ती आपल्याच बोलण्यावर इतकी हसली की हातातली जुडी सुटली. मग तिने मला बांधलेल्या जुड्यांतले घेऊ दिले नाही. "ते पंचमीच्या बायकांचं. तू तुझं झटकून घे."

मी आधीच पिकलेल्या, न बांधलेल्या लोंब्यांखाली पदर धरला आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. दाणे टपटप पडले. मला फार आनंद झाला. हे खरे रानटी, हे अस्सल, आणि हे तिच्याकडे नाही.

घरी आणून मी ते टिपकागदावर ठेवले. ते उगवले नाही. आठवडा गेला, उगवले नाही. पाणी बदलले, कागद बदलला, जागा बदलली. दिवाळी आली आणि गेली. सासूबाई रोज सकाळी ताटलीवरचे झाकण उचलून पाहत. "बाळंतीण अडली गं तुझी," असे म्हणून त्या झाकण ठेवत.

महाविद्यालयात सहकारिणीच्या पेटीत काचपट्ट्या साठत होत्या. मोजणी चोवीस. प्रत्येक वेळी चोवीस. एक दिवस तिने विचारलेच.

"तुझं काय झालं गं? उगवलं का?"

"उगवेल."

"अगं, तूस काढून टाक ना. आणि थोडे दिवस गरम ठेव, ओव्हनमध्ये. नवं बी झोपलेलं असतं यार, त्याला उठवायला लागतं."

"माझी पद्धत ठरलेली आहे," मी म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी, ती गेल्यावर, मी प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये माझे बी ठेवले. आच मंद. पुढे त्याचे तूस नखाने सोलले. ते उगवले. मुळे हाती आल्याचा आनंद आणि ती तिच्या सांगण्यावरून हाती आल्याचे दुःख, यांची मला त्या वेळी सारखीच जाणीव झाली.

सुट्टीला थोडेच दिवस उरले होते. मी घाईने काचपट्ट्या केल्या. बहुतेक बिघडल्या, थोड्या जमल्या. मोजणी चोवीस. म्हणजे तिने आधीच मोजलेला आकडा मी उशिरा मोजला होता. माझ्याकडे नवे असे काही नव्हते. तेव्हा मी एक तर्क मांडला, आणि तो मला इतका पटला की मी तो कोठेही तपासला नाही.

तर्क असा: रानटी गवताचे बी एकदम उगवत नाही. एकाच वेळी सगळे उगवले आणि पाऊस रुसला तर वंश बुडेल, म्हणून ते झोपून राहते. शेतातल्या भाताला माणसाने पेरल्याबरोबर उगवायची सवय लावली. सहकारिणीचे बी चटकन उगवले, माझे उगवले नाही. म्हणून तिचे बी भाताशी संकर झालेले, भेसळीचे. आणि माझे शुद्ध.

बाईंच्या खोलीत, तिच्यासमोरच, मी हे सावकाश आणि मुद्देसूद सांगितले. सहकारिणीचा चेहरा उतरला. मी पाहिले, आणि पाहून थांबले नाही.

बाईंनी ऐकून घेतले. मग उठून आमच्या दोघींच्या पेट्यांतून एकेक काचपट्टी काढली, नावांच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवला आणि दोन सूक्ष्मदर्शकांवर लावली. मला म्हणाल्या, "तू म्हणतेस एक शुद्ध आणि एक भेसळ. भेसळ कोणती, ते दाखव."

मी पहिलीत पाहिले. गुणसूत्रे जरा दाटीने होती, दोनतीन एकमेकांवर रेललेली. दुसरीत पाहिले. सुटी, स्वच्छ, ठिपक्यांसारखी. रचनेत मला काहीच फरक दिसेना. चोवीस आणि चोवीस. पण हात कोणाचा ते मी ओळखले, निदान मला तसे वाटले. दुसरीकडे बोट करून मी म्हणाले, "ही तिची. ही भेसळ."

बाईंनी कागद काढला. चिठ्ठीवर माझे अक्षर होते.

माझ्या आयुष्यातली सर्वांत सुबक काचपट्टी मी केली होती आणि ती मी आपण होऊन तिला देऊन टाकली होती. सुबक आहे म्हणजे तिचीच असणार, हे मी डोळा लावण्याआधीच ठरवून टाकले होते.

"हे राहू दे," बाई म्हणाल्या. "मला एवढं सांग, तुझं बी केव्हा पिकलेलं होतं?"

"आश्विनात. मी स्वतः झटकून आणलं."

"आणि हिचं?"

सहकारिणी हळूच म्हणाली, "बाई, ते गेल्या वर्षीचंच असणार ना. पंचमीला नवं देवभात कुठून येणार? ते तर आश्विनात पिकतं."

तिचे बी जवळजवळ वर्षभर कोणाच्या तरी मडक्यात पडून होते. तेवढ्यात त्याची झोप आपोआप मोडली होती. माझे ताजे होते, म्हणून झोपलेले होते. चटकन उगवण्याचे कारण भेसळ असेल किंवा नसेल, ते या तुलनेवरून कळणारच नव्हते, कारण मी ताज्या बियाची तुलना वर्षभर जुन्या बियाशी केली होती. आणि पंचमीचे देवभात नेहमी मागल्या वर्षीचे असते, हे व्रत पाळणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक असलेले सत्य मी दर भाद्रपदात घासाघासाने गिळत आले होते.

जागा तिला मिळाली. बाई मला एवढेच म्हणाल्या, "तुझा नमुना तिच्यापेक्षा चांगला होता. तिच्या कामात कमी दोष काढले असतेस तर स्वतःच्या नमुन्याला नीट प्रश्न विचारले असतेस." मी "हो बाई" म्हणाले. बाहेर आल्यावर सहकारिणीने माझा हात धरला. "अगं, चहा घेऊ या ना. चल." मी गेले. चहा घेतला. तिने पैसे दिले, त्याचाही मला त्रास झाला.

घरी सांगितले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "पंचमीला नवं भात?" त्या म्हणाल्या. "मला विचारायचंस."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू ताटली ठेवलीस, मला वाटलं नवस आहे."

पुढच्या पावसाळ्यात मी गॅलरीत पत्र्याच्या डब्यांत चिखल भरला. एका बाजूला गोराईचे माझे बी, दुसऱ्या बाजूला तिच्याकडून मागून घेतलेले बाजारातले बी. मागताना मी कारण सांगितले नाही आणि तिने विचारले नाही, उलट कागदाची पुडी दुप्पट भरून दिली. डब्यांत सतत पाणी ठेवावे लागे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन म्हणाल्या, "डास होतील हो, आमच्या घराची वाट लागेल." मी पाण्यात गप्पी मासे सोडले. शेजारी शांत झाले.

माझा हेतू आता वेगळा होता, असे मला म्हणता येणार नाही. मला अजूनही तिचे भेसळ आणि माझे शुद्ध सिद्ध करायचे होते. फक्त या वेळी रीतसर. लोंब्या पिकल्या तेव्हा मी प्रत्येक झाडाला एकच टिचकी मारली. बाजारातल्या बियांच्या झाडांपैकी काहींनी दाणे सोडले, काहींनी अर्धे धरले, काहींनी सगळे धरून ठेवले. मला समाधान वाटले. मग मी माझ्या डब्यांकडे वळले. बहुतेकांनी दाणे सोडले. काहींनी अर्धे धरले. आणि कोपऱ्यातल्या एका झाडाने, मी कितीही टिचक्या मारल्या तरी, एकही दाणा सोडला नाही. कुसळही आखूड. ते बांधापलीकडच्या खाचरातल्या भातासारखे दिसत होते.

मी तेथेच पाटावर बसले. गोराईचा तो बांध मला आठवला. माणूस एका ढांगेत ओलांडील एवढा. परागाला तर ढांगही टाकावी लागत नाही. प्रत्येक झाडाची एकेक कोवळी लोंबी मी आधीच खूण करून मद्यार्कात ठेवली होती; त्यांतल्या अर्धे दाणे धरणाऱ्या झाडांच्या लोंब्या आता बाहेर काढल्या. परागकण होण्यापूर्वी पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या जमतात. आईबापांचे संच परके असतील तर जोड्या जमताना अडखळतात, एखादे गुणसूत्र एकटे राहते. मी पेशीमागून पेशी पाहिली. बारा जोड्या. कोठे खोळंबा नाही, कोणी एकटे नाही. तळे आणि शेत ही एकाच घरातली दोन दालने होती आणि मधले दार कधी लावलेच गेले नव्हते.

सासूबाईंनी येऊन डबे पाहिले. "पुढच्या वर्षी बाजारातून आणायला नको. पंचमीला हेच शिजवू," मी म्हणाले.

"हे नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "तू डब्यात लावलंस, पाणी घातलंस, मासे पाळलेस. बैलाचं नाही, सुनेच्या कष्टाचं झालं. देवाचं कुठं राहिलं?"

आता उत्तर. भाताचे मूळ रानटी भातातच आहे. त्या अर्थाने देवभात पूर्वजाच्या बाजूचे खरे. परंतु आज तळ्यात उभे असलेले झाड म्हणजे तो पूर्वज नव्हे. ते त्या पूर्वजाचे दुसरे वंशज आहे, आणि जेथे शेत शेजारी आहे तेथे ते शेतातल्या भावंडाशी पिढ्यानपिढ्या सोयरीक करत आले आहे. त्यात शेताचा अंश आहे, आणि शेतातही त्याचा असणार. कोण मूळचे आणि कोणी कोणाचे घेतले, असा मी विचारलेला प्रश्न त्या झाडांना लागू पडत नव्हता. तो मला लागू पडत होता. ओव्हनमध्ये उठवलेले बी माझे की तिचे, हे मी आजही ठरवू शकत नाही.

सहकारिणी एका रविवारी डबे पाहायला मुलुंडला आली. दाणे न सोडणाऱ्या झाडाला तिने टिचकी मारली, मग आणखी एक. "काय चिवट आहे गं! हे मला देतेस? प्रबंधात लागेल." मी तिला त्याची अर्धी लोंबी दिली आणि अर्धी ठेवली. काप तिने घेतला, सरळ, बरोबर मधोमध, पाहिल्यासारखे न करता. तिचा अंगठा मी त्या वेळीही पाहिला. मत्सर गेला होता असे लिहिले तर ते या लेखातले पहिले असत्य विधान होईल.

माझे डबे थोडे होते, तळे एकच होते आणि माझ्या मनाचा कल मी सांगितलाच आहे. म्हणून विनंती अशी: आपल्या गावी तळे असेल आणि शेजारी भाताचे खाचर असेल, तर लोंब्या पिकल्यावर तेथे जा. प्रत्येक झाडाला एकच टिचकी मारा आणि कोण दाणे सोडतो, कोण धरतो ते पाहा. मग शेतापासून दूर असलेल्या तळ्यावर जाऊन तेच करा. बी उगवून पाहणार असाल तर ते केव्हा पिकले ते आधी विचारा. माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पाहा.